गुडइयर बापलेक आणि एकच प्रोफाइल

पेटंट शोधून अहवाल लिहिणं हा माझा रोजचा धंदा. त्यातला निम्मा वेळ 'हा माणूस तोच का?' एवढ्या एका प्रश्नापायी जातो. त्यामुळे नाव टाकलं की शोधकाची कारकीर्द आणि त्याची सगळी पेटंटं एका पानावर देणारी एक सेवा दिसली, तेव्हा फार विचार न करता तीन महिन्यांचं सबस्क्रिप्शन घेतलं.

आधी चांगलं सांगते. पान झटकन उघडतं. एकच शोध पाच देशांत नोंदवला असेल तर पाच ओळी न दाखवता एकाच कुटुंबात बांधून दाखवतात. एक्सेलमध्ये यादी उतरवून घेता येते आणि ती उघडल्यावर तारखांचा चिवडा झालेला नसतो, हे ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळेल.

नवं साधन हातात आलं की मी त्यात आधी 'मायकल जॅक्सन' टाकते. गंमत म्हणून नाही. गायक मायकल जॅक्सनच्या नावावर खरोखरच अमेरिकी पेटंट आहे: क्रमांक 5,255,452, 26 ऑक्टोबर 1993. बुटाच्या टाचेत खाच, रंगमंचाच्या जमिनीतून वर येणारी खुंटी, खाच खुंटीत अडकली की नर्तक न पडता पुढे झुकू शकतो. सहशोधक दोघे, मायकल बुश आणि डेनिस टॉम्पकिन्स, त्याचे पोशाख करणारे. पण याच नावाचे एक इंग्रज संगणकतज्ज्ञही आहेत, प्रोग्रॅम रचण्याची 'जॅक्सन पद्धत' त्यांचीच. आणि बिअर नि व्हिस्कीवर लिहिणारा मायकल जॅक्सन तिसरा. या सेवेनं काय केलं? बुटाचं पेटंट बरोबर दाखवलं आणि वर ओळख लिहिली: 'सॉफ्टवेअर पद्धतींचे तज्ज्ञ, पेयांवरील लेखक आणि कलाकार.' वाचून हसले, पण लगेच पोटात गोळाही आला. कारण या नावाची गफलत कुणाच्याही लक्षात येईल. अनोळखी नावाची आली तर?

दुसरी चाचणी चार्ल्स गुडइयर. रबराला गंधक नि उष्णता देऊन टिकाऊ करण्याचं पेटंट, क्रमांक 3,633, वर्ष 1844, हे वडिलांचं. ते 1860 मध्ये वारले. बुटाचा वरचा भाग नि तळ एकत्र शिवणाऱ्या यंत्राचं 1871 चं पेटंट मुलाचं, आणि मुलाचंही नाव चार्ल्स गुडइयर. सेवेनं दोघांना एकत्र करून एक दीर्घायुषी शोधक तयार केला, वर त्याला टायर कंपनीचा संस्थापकही ठरवलं. ती कंपनी 1898 मध्ये फ्रँक सायबर्लिंग यांनी काढली, गुडइयर घराण्याचा तिच्याशी संबंध नाही, फक्त नाव घेतलं. (मृत्यूनंतरची तारीख दिसली की माणूस वेगळाच, असंही नसतं हं. अर्ज आधी केलेला असेल तर पेटंट माणूस गेल्यावरही मिळतं. म्हणून तारखेवर एकट्या विसंबायचं नाही.)

खरा फटका कामात बसला. नाव अगदी ढीगभर लोकांचं असतं तसलं. प्रोफाइलमध्ये 41 पेटंटं. शंका आली ती वर्गीकरणाच्या कोडवरून: निम्मी H04, म्हणजे दूरसंचार, आणि उरलेल्यांत A61, म्हणजे वैद्यक, आणि चक्क B65, पॅकिंग. माणूस क्षेत्र बदलतो, मान्य. पण एकाच वर्षी तीन क्षेत्रांत? मग एकेका पेटंटचं पहिलं पान उघडून बसले. तिथे कंसात 72 लिहिलेलं असतं, त्यापुढे शोधकांची नावं. 73 पुढे हक्क कुणाकडे गेला ते. 72 मधले सोबती पाहत गेले. दूरसंचारवाल्याबरोबर तीच चार नावं पुन्हा पुन्हा येत होती, पॅकिंगवाल्याबरोबर त्यांतलं एकही नाही. संध्याकाळपर्यंत 41 ची 17 झाली. माणसाची ओळख त्याच्या नावापेक्षा त्याच्या सोबत्यांवरून पटते, आणि हे सेवेला सहज करता आलं असतं; सहशोधकांची यादी तिच्याकडे होतीच.

चिनी नावांत तर बोलायची सोय नाही. वेगवेगळ्या अक्षरांत लिहिलेली नावं रोमनमध्ये 'वेई वांग' अशी एकच होतात. तिथे प्रोफाइल उघडलं तर शेकडोंची रांग, आणि हे सगळं एकाच माणसानं केलंय म्हणे!

उलट बाजूनेही फसगत. अभिनेत्री हेडी लमार शोधली तर 'निकाल नाही'. वारंवारता बदलत संदेश पाठवण्याचं 1942 चं पेटंट, 2,292,387, तिनं हेडी किस्लर मार्की या नावानं घेतलंय. त्या नावानं शोधलं की लगेच सापडतं, पण मग ओळखीत अभिनयाचा उल्लेख नाही.

पेटंट शोधायची गूगल पेटंट्स आणि एस्पासनेट ही संकेतस्थळं फुकट आहेत. त्यांच्यात शोधकाचं नाव नि वर्गीकरणाचा कोड एकत्र टाकला की माझं बरंचसं काम होतं. ते कुणाची ओळख लिहून देत नाहीत, म्हणून मीही डोळे उघडे ठेवते. इथे मात्र गुळगुळीत परिच्छेद समोर येतो आणि दमलेला माणूस तो तसाच अहवालात चिकटवतो. दोन पेटंटं कोणत्या पुराव्यावर जोडली, हे दाखवणारं एक बटणसुद्धा नाही.

5 पैकी 2. दोन्ही गुण एक्सेलचे.

गुडइयरची चूक मी त्यांना कळवली होती. नवव्या दिवशी 'दुरुस्ती केली' असं उत्तर आलं. पाहिलं तर वडिलांचं पान आता स्वच्छ आहे, टायर कंपनीही गेली. मुलगा मात्र नाव बदलून, वर्ष टाकून, कसाही शोधला तरी सापडत नाही.