कोनच्या वरचा थर चांगला, आत सगळा कचरा: दोरा घेताना मी कशी फसले

खरं तर लिहायला लाज वाटतेय, कारण अकरा वर्षं शिलाई करतेय आणि फसले कशात तर दोऱ्यात. पण आमच्या इथल्या अजून दोघीजणी त्याच माणसाकडून माल घ्यायच्या बेतात होत्या म्हणून म्हणलं लिहूनच टाकावं.

मी साताऱ्याची. घरी ब्लाऊज, फॉल पिको चालतं आणि चार वर्षांपासून गोधड्या आणि बाळाची दुपटी मशीनवर शिवून विकते. सासूबाई हातानं वाकळ शिवतात, धावदोऱ्याची, त्यांचं काम वेगळं. माझा दोरा मी पुण्याला रविवार पेठेत, बोहरी आळीतनं आणायचे, दोन महिन्यातनं एकदा एसटीनं जायचं, अख्खा दिवस जातो आणि पिशवी उचलून हात दुखतात ते वेगळंच. म्हणून घरी येऊन कुणी माल देतो म्हणल्यावर बरं वाटलं, आता खोटं कशाला बोलू.

जानेवारीत एकजण गाडीवर आला, मागं मोठी बॅग. बोलायला एकदम गोड, ताई ताई करत. म्हणे एक्स्पोर्टच्या फॅक्टरीचा शिल्लक माल आहे, शंभर टक्के कॉटन, मर्सराइज्ड (चमक आणि मजबुती यायला प्रक्रिया केलेला), पाच हजार मीटरचा कोन, म्हणजे दोऱ्याचं मोठं रीळ, तुम्हाला १०५ ला देतो. मला तोच कोन बाजारात १८० च्या आसपास पडतो. मी लगेच काही घेतला नाही हां, एवढी पण मी येडी नाही, दोनच कोन घेतले सॅम्पल म्हणून, पांढरा आणि क्रीम. दोन्ही झकास चालले! एक तुटणं नाही, टीप सरळ, दोऱ्याला मस्त चमक. पंधरा दिवसांनी त्याचाच फोन, ताई माल संपत आलाय, हवा असला तर सांगा. तेव्हाच पुण्याच्या एका बाईंची वीस दुपट्यांची ऑर्डर होती, ६५० ला एक, त्यांना नातेवाइकांत वाटायची होती. मी चोवीस कोन घेतले, २५२० रुपये, निम्मे रोख आणि निम्मे फोनवरनं, आणि फोनवर नाव आलं ते भलत्याच कुणाचं तरी, तेव्हा ते डोळ्यांसमोर असून मी पैसे पाठवले. बिल मागितलं नाही. माल संपत आलाय म्हणल्यावर माणसाचं डोकं चालतच नाही.

पहिली तीन दुपटी नीट झाली. चौथ्यापास्नं दोरा तुटायला लागला. आधी वाटलं सुई बोथट झाली असेल, बदलली. मग वाटलं मशीनवर दोऱ्याचा ताण जास्त आहे, सैल केलं तर खालच्या बाजूला दोऱ्याच्या गाठोळ्या जमायला लागल्या. बॉबीन केस बदलली, ३०० गेले. मेकॅनिकला बोलावलं, त्यानं मशीन उघडून टायमिंग बघितलं, तेल दिलं आणि ४५० घेतले, आणि जाता जाता म्हणाला ताई मशीनच्या दातांखाली एवढा भुसा कसा साठला, महिन्यात. तेव्हा मला कळायला हवं होतं. चांगल्या दोऱ्यानं पण थोडं लिंट पडतंच, पण बोटानं गोळा करून वात वळता येईल एवढं नाही. मी मात्र तीन आठवडे मशीनलाच शिव्या देत बसले.

ओळखलं सासूबाईंनी. त्यांना सुईत ओवायला दोरा हवा होता म्हणून त्यांनी त्या कोनातनं हातभर ओढला, दोन्ही हातात धरून झटका दिला आणि काही जोर न लावता पट्कन तुटला. मग तोच दोरा चिमटीत धरून उलटा पिळला तर पदर सुटे होऊन फुलले, त्याच्या पिळात जीवच नव्हता. म्हणाल्या, "आगं, मशीनला कशाला बोलतीस, ह्यो दोरा मेलेला हाय."

मग मी तो कोन सोडायला घेतला. एका जुन्या लाटण्यावर गुंडाळत गेले आणि बघते तर काय, वर बोटभर थर चांगला, पिळदार, चमकदार, आणि त्याच्याखाली गाठ. गाठीच्या पलीकडं दुसराच दोरा, जरा पिवळट, केसाळ. अजून थोड्या वेळानं पुन्हा गाठ, पुन्हा तिसरा. एका कोनात मी अकरा गाठी मोजल्या आणि मग सोडायचा कंटाळा आला. म्हणजे कुठल्यातरी कारखान्यातले उरलेसुरले, कुठे गोडाऊनमध्ये ओल आणि ऊन खाऊन कुजलेले तुकडे गोळा करून नव्या प्लास्टिकवर गुंडाळले असणार आणि शेवटी वरनं चांगल्या दोऱ्याचा लेप. सॅम्पलचे दोन तेवढे खरे होते. सुताचा दोरा ओल आणि उन्हात पडून राहिला की कमजोर होतो हे मला माहीत होतं, पण बघायला कोण जातंय.

गॅसवर जाळून पण बघितला. (स्टीलच्या ताटलीवर, चिमट्यात धरून, शेजारी पाणी ठेवून करा, सिंथेटिकचा थेंब हातावर पडला तर चिकटतो.) वरचा थर कागदासारखा जळला, वास पण कागदाचा, राख मऊ, बोटानं भुगा झाली. दुसऱ्या गाठीनंतरचा मात्र ज्वाळेजवळ नेताच आखडला, वितळला आणि टोकाला काळा टणक मणी झाला. ते पॉलिएस्टर. म्हणजे एकाच दुपट्यात एक टीप सुताची आणि एक पॉलिएस्टरची गेलेली. पॉलिएस्टर दोरा वाईट असतो असं मी म्हणत नाही, ड्रेसला आणि पँटला मी तोच वापरते, मजबूत असतो. पण जुन्या धुवून मऊ झालेल्या साड्यांच्या गोधडीला मला सुतीच हवा असतो, कडक दोरा मऊ कापडाला टीपेच्या भोकांपाशी कापतो असा माझा अनुभव आहे.

मग वजन. हे मला आधी सुचलं असतं तर सगळं तिथंच थांबलं असतं. लेबलवर टेक्स ३० लिहिलेलं होतं. टेक्स म्हणजे हजार मीटर दोऱ्याचं वजन किती ग्रॅम ते. म्हणजे पाच हजार मीटरचे दीडशे ग्रॅम व्हायला पाहिजेत, प्लास्टिक सोडून. शेजारच्या किराणावाल्याच्या काट्यावर ठेवला तर कोन भरला १०८ ग्रॅम, आणि नंतर पूर्ण सोडलेल्या एका कोनचं नुसतं प्लास्टिक २२ भरलं. राहिले ८६. म्हणजे दोऱ्याची जाडी लेबलप्रमाणे धरली तरी तीन हजार मीटरसुद्धा नाही. प्लास्टिक आतनं जाड केलेलं, बाहेरनं कोन दिसतो टम्म. म्हणजे १०५ ला स्वस्त पडला असं मला वाटत होतं तो मीटरमागं माझ्या नेहमीच्या दोऱ्याएवढाच पडला, वर कुजका!

सगळ्यात जास्त लागलं ते लाल दोऱ्याचं. सहा दुपट्यांना पांढऱ्या कापडावर लाल टीप होती, दिसायला फार गोड झाली होती. त्या बाईंनी पहिल्यांदा धुतली आणि फोटो पाठवले, टीपेच्या दोन्ही बाजूंना गुलाबी डाग पसरलेले, आणि दोन ठिकाणी वीतभर टीप उसवलेली. बाळाच्या अंगाखालची वस्तू. मी सहाच्या सहाचे पैसे परत केले, ३९०० रुपये. त्या काही वाईट बोलल्या नाहीत, पण पुन्हा ऑर्डर पण दिली नाही. आता मी गडद रंगाचा दोरा आला की वीतभर तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यात ठेवते आणि वरनं गरम इस्त्री दाबते, रंग सोडणारा असेल तर तिथंच सोडतो. दोन मिनिटांचं काम आहे हो, अकरा वर्षं केलं नाही.

त्या माणसाचा नंबर बंद. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनच्या नंबरला फोन केला, त्यांनी नीट ऐकून घेतलं, पण बिल आहे का आणि विकणाऱ्याचं नाव पत्ता काय, इथंच माझी बोलती बंद झाली. मग लेबल नीट वाचलं, पहिल्यांदाच. पॅकबंद मालावर बनवणाऱ्याचा किंवा पॅक करणाऱ्याचा नाव-पत्ता, आत माल किती, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीचा नंबर छापावा लागतो, कायदाच आहे तसा. माझ्या लेबलवर होतं फक्त एक मोराचं चित्र, मीटर, टेक्स आणि मर्सराइज्डचं स्पेलिंग, तेही चुकलेलं.

आता पुन्हा एसटीनं पुण्याला जाते. दुकानदाराला आधी सांगते कोन मधून दाखवा, तो वैतागतो, वैतागू दे. हातभर दोरा काढून काळ्या कापडासमोर उजेडाला धरते, केस किती उभे आहेत ते दिसतं. सुई पर्समध्येच असते, गोधडीच्या तीन थरांना मी १४ नंबर वापरते, ती दोऱ्यात ओवून दोरा तिरका धरते, सुई आपली आपण घसरत खाली गेली तर जोडी जमली, अडकत अडकत गेली तर दोरा सुईला जाड आहे किंवा गाठाळ आहे. आणि चोवीस सोडा, एका वेळी चारच्या वर कोन घेत नाही, त्यातले कुठलेही दोन घरी आल्यावर वजन करते.

त्याचे सतरा कोन अजून माळ्यावर आहेत. टाकवत नाहीत, पैसे गेलेत ना. तीन थर एकत्र धरायला आधी कच्ची टीप घालतो ना आपण, त्याला वापरते, नंतर ती ओढून काढायचीच असते, आणि तिथं मात्र तो पट्कन तुटतो ते बरंच पडतं.