मोनोसेक्स गिफ्ट चिलापीचं बी: शेततळ्यात अख्खा हंगाम वापरून झालेला अनुभव

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगतो, हे बी (म्हणजे चिलापी उर्फ तिलापिया माशाची, सगळे नर म्हणून विकलेली पिल्लं) पुन्हा घेणार, पण "१०० टक्के नर" असं सांगून कोणी जादा दर लावला तर देणार नाही. पाचपैकी साडेतीन मार्क.

तळं इंदापूर तालुक्यात, पन्नीचं, पाणी खरं तर डाळिंबासाठी साठवलेलं. उजनी जवळ त्यामुळं चिलापी काय आम्हाला नवी नाही, भिगवणच्या बाजारात कायम असते, पण ती धरणात आपोआप वाढलेली, बरीचशी बारकी. गिफ्ट म्हणजे निवड करून तयार केलेला नाईल चिलापीचा वाण. फिलिपिन्समध्ये १९८८ ला काम सुरू झालं, इजिप्त, घाना, केनिया, सेनेगलमधले जंगली मासे आणि आशियातले पाळलेले मासे एकत्र करून पिढ्यानपिढ्या जलद वाढणारे निवडत गेले. आपल्याकडं राजीव गांधी सेंटर फॉर अ‍ॅक्वाकल्चरनं विजयवाड्यात यावर काम केलंय. मी बी घेतलं ते मात्र एका खाजगी हॅचरीचं.

वाढीबद्दल तक्रार नाही. पाच-सहा महिन्यात अर्धा किलो असं सांगतात, ते गरम पाण्यातलं गणित आहे. आमच्याकडं डिसेंबर-जानेवारीत रात्री पाणी गार पडलं की मासा खाद्याकडं बघतच नाही, गोळ्या तशाच तरंगत राहतात, त्या काळात बळंच खाद्य टाकणं म्हणजे पैसे पाण्यात आणि वरून अमोनिया. थंडी सरली आणि मग जी वाढ झाली ती बघण्यासारखी होती.

आता मुद्द्याचं. मोनोसेक्स कशासाठी, तर चिलापीची मादी अंडी तोंडात धरते, पिल्लं सुटी होईपर्यंत आठ-दहा दिवस किंवा जास्तच जवळपास उपाशी राहते, आणि पाणी गरम असलं की थोड्याच आठवड्यात परत तेच. वजन वाढणार कधी? नराला ही भानगड नाही. म्हणून हॅचरीत पिल्लू पोटातला बलक संपवून पोहायला लागलं की लगेच त्याला मिथाइल टेस्टोस्टेरॉन (नराचं हार्मोन, यानं पिल्लं नर होतात) मिसळलेलं खाद्य देतात, साधारण किलोला ६० मिलिग्रॅम, २१ ते २८ दिवस. सगळा खेळ या तीन-चार आठवड्यांचा. पिल्लं उशिरा गोळा केली, लहान-मोठी एकत्र झाली, किंवा हिरव्या पाण्यात ठेवली आणि ती प्लँक्टनवरच पोट भरत राहिली, की माद्या शिल्लक राहतात आणि बी घेताना ते कितीही डोळे फाडून बघितलं तरी कळत नाही. मासा जरा मोठा झाला की उलटा करून बघायचा, नराला मागं दोन छिद्रं, मादीला तीन, थोडं जेन्शन व्हायोलेट (जांभळा रंग) लावलं की नीट दिसतं. सॅम्पलिंगच्या दिवशी (थोडे मासे काढून वाढ तपासतो तेव्हा) हे बघाच.

आमच्या तळ्यात कोपऱ्याला बारीक पिल्लांचे थवे दिसायला लागले तेव्हा हॅचरीवाल्याला फोन केला, तो म्हणाला "बाहेरून आली असतील". पन्नीच्या तळ्यात बाहेरून कुठून येणार, बोअरमधून? हिशोब साधा आहे, हजारात ५ टक्के माद्या म्हणजे ५०, शंभर ग्रॅमची मादी एका वेळी शंभरेक अंडी देते, म्हणजे एका खेपेत ५००० तोंडं तुमच्या महागाच्या खाद्यावर. मग मोठ्या मालाला धोका नाही अशा साइजचे थोडे मरळ सोडले, त्यांनी पिल्लांचा बंदोबस्त केला आणि मरळाला भावही मिळतो. पिंजऱ्यावाल्यांना हा त्रास कमी, जाळीतून अंडी खाली पडतात, मादीला गोळा करता येत नाहीत.

तब्येतीला मासा काटक आहे यात वाद नाही. बी आल्यावर आधी हापात (तळ्यातल्या बारीक जाळीच्या खोक्यात) ठेवलं, काही पिल्लं अंग घासत होती, चिकट स्राव जास्त, ट्रायकोडिना (अंगावरचा सूक्ष्म परजीवी) असावा, मिठाच्या पाण्यानं आवरलं. थंडीत जाळं ओढल्यावर काहींच्या तोंडाजवळ पांढरट चट्टे आले, म्हणून आता गार पाण्यात सॅम्पलिंग बंद. खरी भीती एप्रिल-मेची. पाणी ३० च्या वर गेलं, गर्दी आहे, ऑक्सिजन कमी, की स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूचा रोग, डोळे बाहेर येतात, मासा गोल गोल फिरत मरतो. शेजारच्या एका तळ्यात हे झालं आणि दुकानदारानं न तपासता अँटिबायोटिक दिलं, काय उपयोग झाला नाही. आम्ही उन्हाळ्यात दुपारचं खाद्य बंद ठेवलं, पहाटे एरेटर चालू, मेलेला मासा लगेच बाहेर, एवढ्यावर निभावलं. तिलापिया लेक व्हायरस वेगळा, त्याला औषधच नाही, २०१४ ला इस्रायलमधून पहिली माहिती आली आणि २०१८ ला भारतातही नोंद झाली. त्यामुळं बीचा पीसीआर रिपोर्ट (व्हायरस आहे का याची लॅबची तपासणी) मागायचाच, नाही म्हणाला तर दुसरी हॅचरी.

गिऱ्हाईक एकच विचारतं, हार्मोनचा मासा का? तर ते खाद्य मासा ग्रॅमभरही नसताना देतात, नंतर विकायला महिने जातात, तोवर अंगात ते राहत नाही. एवढं सांगितलं की बहुतेक लोक घेतात, काही नाही घेत.

पुढची ऑर्डर फेब्रुवारीची दिलीय, म्हणजे उन्हाळा-पावसाळ्याची सगळी गरमी वाढीला मिळेल. यावेळी १० ग्रॅमच्या वरची बोटुकली मागितलीय, जिरे (अगदी बारीक पिल्लं) नको. दर जास्त पडतोय, पडू दे, पण पिल्लं दिसली तर पैसे कापणार हे आधीच लिहून घेतलंय.