फ्रीरेडियस: नियम यूजर्स फाइलीत लिहायचे की अनलँगमध्ये?
ऑफिसचं वायफाय फ्रीरेडियसवर (नेटवर्कमध्ये कोणाला घ्यायचं ते तपासणारा सर्व्हर) आणताय आणि नियम कुठे लिहायचे यावर अडलाय? यूजर्स फाइल शिकायला सोपी: पहिल्या ओळीत नाव आणि तपासणी, खाली टॅब देऊन उत्तरं, म्हणजे सर्व्हरने परत पाठवायच्या गोष्टी. पण स्वल्पविराम जीव खातो. शेवटची सोडून उत्तराच्या प्रत्येक ओळीअखेर तो हवाच. शिवाय पहिली नोंद जुळली की शोध थांबतो. पुढे जायचं तर ‘फॉल-थ्रू = यस’ लिहावं लागतं. माझी अख्खी रात्र या एका ओळीपायी गेली.

अनलँग ही फ्रीरेडियसच्या सेटिंगमध्येच नियम लिहायची छोटी भाषा. ती शिकायला वेळ जातो, पण इफ-एल्स आणि स्विच असल्याने सहा महिन्यांनी वाचलं तरी कळतं. अपडेट ब्लॉकमध्ये (उत्तरं भरायच्या भागात) स्वल्पविरामाची कटकटही नाही.

माणसागणिक पासवर्ड किंवा व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा कप्पा) द्यायचा तर यूजर्स फाइल घ्या. गट, वेळ, अ‍ॅक्सेस पॉइंट पाहून निर्णय बदलत असेल तर अनलँगच.