मिरीपूड, पपईचं बी आणि जनुकीय किट: आठ महिन्यांनंतर

सातपूरला आमचा घरगुती काळ्या मसाल्याचा उद्योग आहे. अख्खी मिरी पाण्यात टाकली की तिच्यात भेसळ केलेलं पपईचं बी वर तरंगतं, हे आईनं शिकवलेलं. पोकळ मिरीही तरंगते, ती चुरून वासावरून ओळखायची. पण एकदा पूड झाली की काही कळत नाही. म्हणून पुडीतला पपईचा डीएनए शोधणारं हे किट घेतलं.

पद्धत लॅम्प, म्हणजे एकाच तापमानाला डीएनएच्या प्रती वाढवणारी, २००० साली जपानमध्ये मांडलेली. पीसीआर या नेहमीच्या डीएनए चाचणीसारखं तापमान खालीवर करावं लागत नाही. ६५ अंशांवर पाऊण तास पुरतो. पपईचा डीएनए असेल तर त्याच्या प्रती वाढत जातात, द्रव आम्लधर्मी होतो आणि गुलाबी नळी पिवळी पडते. सोबत एक नळी नुसत्या पाण्याची, एक त्याच पुडीच्या अर्कात मिरीचा डीएनए शोधणारी. मिरीची पिवळी झाली नाही तर ती चाचणी धरायचीच नाही. पहिला महिनाभर माझं तेच होत होतं. मिरीतलेच घटक अभिक्रिया अडवत होते. अर्क दहापट पातळ केला, तेव्हा कुठे जमलं. झालेली नळी मात्र कधीही उघडू नका. तो डीएनए ओट्यावर सांडला की पुढची प्रत्येक नळी पिवळी येते.

नवरात्रात एका पोत्याची पूड पपईसाठी पिवळी आली. व्यापाऱ्याला मी फोनवर नको ते बोलले. रात्री झोप लागेना. सकाळी त्याच पोत्यातली अख्खी मिरी घरच्या घासलेल्या खलबत्त्यात कुटली. नळी गुलाबीच. दोनदा केलं, दोन्हीदा गुलाबी. आमच्याआधी डंकावर दुसऱ्या कुणाची मिरी कांडली होती, तिचीच पूड आमच्यात आली असणार. हे किट फक्त आहे की नाही एवढंच सांगतं. कणभर असो की किलोभर, रंग तोच. मी त्याच दिवशी गाळ्यावर जाऊन माफी मागितली.

हळदीतलं लेड क्रोमेट, तिखटातला सुदान रंग यात कळत नाही. त्यांना डीएनए नसतोच. आंबट आमचूर घातलं तर नळी लगेच पिवळी होते, ती खरी नव्हे. वाद कायद्यापर्यंत गेला तर २००६च्या अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ४० वापरा: ग्राहक फी भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो.

आता डंक झाडून घेते, पहिली मूठभर पूड टाकून देते. आणि तेच व्यापारी भाऊ पोतं पाठवण्याआधी ओंजळभर अख्खी मिरी पुडीत बांधून देतात.