केमिकलच्या कॅनसाठी प्लास्टिकची लेबलं: उद्यमनगरातल्या छपाईवाल्याचा अनुभव

आमचा झिंक प्लेटिंगचा (लोखंडावर जस्ताचा थर चढवायचा) छोटा कारखाना आहे, कोल्हापूरजवळ शिरोलीच्या बाजूला. मिस्टर गेल्यापासून मीच बघते, पोरं वहिनी म्हणतात. अ‍ॅसिड-कॉस्टिक सोड्याच्या कॅनवर लावायची लेबलं आम्ही उद्यमनगरातल्या एका छपाईवाल्याकडून करून घेतली. ज्यांच्या शेडमध्ये एकदा पुराचं पाणी शिरलंय त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय.

2019 च्या ऑगस्टमध्ये आमच्याकडं कमरेएवढं पाणी होतं. ओसरल्यावर आत गेलो तर चौदा पांढरे कॅन गाळात लोळत पडलेले आणि एकावरही नाव नाही. कागदी लेबलांचा पार लगदा झालेला. काहींत पिकलिंगचं, म्हणजे लोखंडाचा गंज काढायचं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, काहींत सांडपाण्यातलं सायनाइड मारायला लागतं ते हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. रंगानं दोन्ही पिवळसरच. एकमेकांत मिसळली की क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. सायनाइडचे डबे माळ्यावर होते, ही अंबाबाईची कृपा. आमचा जुना कामगार म्हणाला, "वहिनी, झाकण काढून वास घेतो, लगेच कळंल." मी त्याचा हातच धरला. पुरवठादाराचा माणूस मास्क, हातमोजे घालून आला तोवर चार दिवस त्या कॅनना कुणाला हात लावू दिला नाही. ते चार दिवस मला धड झोप नव्हती.

म्हणून यंदा पावसाआधी ही लेबलं केली. कागद नाही, पॉलिस्टरची फिल्म. अक्षरं रेझिन रिबननं (उष्णतेनं अक्षर उठवणारी शाईची फीत) छापलेली, मागं जाड गोंद. एक लेबल 14 रुपयांना पडलं, कमीत कमी शंभर घ्यावी लागतात. कागदी लेबलाच्या मानानं महाग आहे, पण मला ते पैसे जड वाटले नाहीत.

जहाजानं जाणाऱ्या धोकादायक मालाला एक आंतरराष्ट्रीय अट आहे: लेबल किमान तीन महिने समुद्राच्या पाण्यात राहिलं तरी वाचता आलं पाहिजे. पंचगंगेचं गढूळ पाणी काय कमी आहे? एका रिकाम्या कॅनवर लेबल चिकटवून मी तो मिठाच्या पाण्याच्या पिंपात दगड बांधून बुडवला. तीन महिन्यांनी काढला. एका कोपऱ्याला नखाएवढं उचललेलं, बाकी जसंच्या तसं. वर हायड्रोक्लोरिकचे थेंब टाकले, अक्षर हललं नाही. थिनरच्या फडक्यानं जोरात पुसल्यावर मात्र धोक्याच्या चित्रांची लाल चौकट फिकी पडली. काळं अक्षर शाबूत राहिलं.

आता तक्रार. पहिल्या लॉटमध्ये 'हायड्रोक्लोरिक' मधलं जोडाक्षर फुटून आलं होतं आणि यूएन नंबर (केमिकल कोणतं ते सांगणारा आंतरराष्ट्रीय आकडा) तर मुंगीएवढा. हे मला चालणारच नव्हतं. हायड्रोक्लोरिकचा नंबर 1789, हायपोचा 1791. दोन्ही वर्ग 8 मध्ये, म्हणजे कातडी-धातू खाणाऱ्या मालात, त्यामुळं वाहतुकीचं चौकोनी चित्र दोन्हीवर तेच: नळीतून हातावर आणि धातूवर थेंब पडताहेत. नुसतं चित्र बघून पोरगं चुकणारच. दुकानदाराला म्हटलं, "दादा, 30 लिटरच्या वरच्या कॅनला हा नंबर निदान 12 मिलिमीटर उंच लागतो, आमचे कॅन 35 चे आहेत." त्यानं वाद घातला नाही. पट्टीनं मोजून बघितलं आणि सगळा लॉट फुकट बदलून दिला, पण आठ दिवस लावले. तेवढे दिवस आम्ही मार्करनं लिहून चालवलं.

नव्या लेबलावर वर मराठीत मोठं नाव, खाली इंग्रजी, मग नंबर, 'धोका' हा शब्द, पुरवठादाराचं नाव-पत्ता आणि भरल्याची तारीख हातानं लिहायला मोकळी जागा. हायपोवर मेलेला मासा आणि वाळलेलं झाड असलेलं चित्र जादा आहे, कारण ते ओढ्यात गेलं तर मासे मरतात. पोरांनी तेवढ्यावरनं ओळखायला सुरुवात केलीय. नाव आणि नंबरही वाचायचा, हे मी रोज सांगते.

लावताना एक काळजी घ्या. प्लास्टिकच्या कॅनला गोंद सहजासहजी धरत नाही. कॅन धुऊन पूर्ण कोरडा करा, मधनं बाहेर दाबत न्या आणि लेबल झाकणावर नको, अंगावर लावा. झाकणं एकमेकांची बसतात. आमच्याकडं हायपोचं झाकण कॉस्टिकला लागलेलं मी स्वतः बघितलंय.

दुकान रविवारी बंद असतं. नमुना हातात घेऊन, अक्षर न् अक्षर वाचूनच छपाईला हो म्हणा. मी पुढच्या महिन्यात नायट्रिकसाठी पन्नास आणि कॉस्टिकसाठी पन्नास सांगणार आहे. एका शंभरात दोन प्रकार करून देतो म्हणालाय.