सिंहांचा संसार बघायचाय: सेरेंगेटी की साबी सँड?

गीरला जाऊन आलेल्यांना आफ्रिकेत एक गोष्ट नवीन वाटते. गीरचे नर आणि माद्या बराचसा काळ वेगवेगळे राहतात, मीलनापुरती किंवा मोठ्या शिकारीवर त्यांची गाठ पडते. आफ्रिकेत नर कळपाला जास्त धरून असतो. त्यामुळे हद्द, सत्तापालट, छाव्यांची राखण हे सगळं एकाच ठिकाणी बघायला मिळू शकतं. त्याच ओढीने जाणार असाल तर टांझानियातलं सेरेंगेटी घ्यावं की दक्षिण आफ्रिकेत क्रूगर राष्ट्रीय उद्यानाला खेटून असलेलं साबी सँड?

माझ्या मते सेरेंगेटी हे सिंहिणींचं आहे आणि साबी सँड नरांचं.

सेरेंगेटीचा पसारा १४,७६३ चौरस किलोमीटरचा. नर येतात-जातात, पण जमीन माद्यांच्या नावावर: आजी, मावश्या, मुली अशी पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट. सगळी जमीन सारख्या मोलाची नसते. जिथे दोन ओढे मिळतात तिथे पाणी, सावली आणि दबा धरायला झुडूप तिन्ही मिळतं, म्हणून तिथली हद्द ज्याच्या हाती तो कळप सुखी. बहुतेक वेळा तो मोठाही असतो. वाइल्डबीस्ट (कळपाने स्थलांतर करणारी मोठी हरणं) निघून गेले तरी सिंहिणी त्यांच्या मागे जात नाहीत, हद्द धरून बसतात. उघड्या गवताळ भागातल्या कळपांचे तेव्हा हाल होतात, आणि पहिली झळ छाव्यांना बसते.

हे इतक्या बारकाईने कळलं कारण इथे १९६६ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांनी सुरू केलेला अभ्यास १९७८ पासून क्रेग पॅकर यांनी दशकानुदशकं पुढे नेला. मिशांच्या मुळाशी असलेल्या ठिपक्यांच्या रांगांवरून एकेक सिंह ओळखला जातो. संशोधक कॅरन मॅकॉम्ब यांनी लाउडस्पीकरवरून परक्या सिंहिणींच्या डरकाळ्या ऐकवल्या, तेव्हा ‘त्या किती, आपण किती’ याचा अंदाज घेऊनच घरच्या सिंहिणी पुढे सरकल्या. त्यातही काही जणी दर वेळी आघाडीवर, तर काही हटकून मागे रेंगाळणाऱ्या. दुर्बीण असेल तर कळप उठून चालायला लागला की पुढे कोण राहतं ते बघा. गाइड हे आपणहून सांगेलच असं नाही.

अडचण अशी की बहुतेक भागात रस्ता सोडता येत नाही आणि अंधार पडायच्या आत मुक्कामी परतावं लागतं. सिंहांचा खरा कारभार तर रात्री चालतो.

नेमकी इथे साबी सँडची बाजू भक्कम आहे. जेमतेम ६५,००० हेक्टरचं हे खासगी राखीव जंगल. क्रूगरच्या बाजूचं कुंपण १९९३ मध्ये काढलं गेलं. बॉनेटवरच्या खुर्चीत बसलेला ट्रॅकर पहाटे वाळूतला ठसा बघतो, हात वर करतो आणि उघडी गाडी सरळ झुडपात शिरते. रात्री दिव्याच्या झोतात नर हद्दीची फेरी मारताना दिसू शकतो. तो झुडपात तोंड घासतो, मग पाठ फिरवून शेपटी उभारतो आणि फवारा सोडतो. शांत रात्री त्याची डरकाळी आठ किलोमीटरपर्यंत जाते.

इथले गाइड सिंहांच्या वंशावळी तोंडपाठ सांगतात. ‘मापोगो’ या सहा नरांच्या टोळीने २००६ पासून इथे जो धुडगूस घातला तो अजून चघळला जातो. २०१० मध्ये ‘माजिंगिलाने’ नावाच्या नव्या नरांनी त्यातल्या एकाला मारलं आणि चित्र पालटलं. साधारणपणे नरांची कळपावरची सत्ता दोन-तीन वर्षं टिकते, आपल्याकडच्या युत्यांसारखंच. नवे नर आले की आधीच्यांचे लहान छावे मारतात, कारण छावे वाढवणारी सिंहीण दीड-दोन वर्षं माजावर येत नाही. हे बघवेल का, याचा निघण्याआधी विचार करा. आठवडाभरात असं काही समोर घडण्याची शक्यता तशी कमीच.

साबी सँडचे लॉज महाग, आणि अनेक ठिकाणी लहान मुलांना गाडीत घेत नाहीत. क्रूगरमध्ये स्वतः गाडी चालवलीत तर खर्च खूप कमी, पण रस्ता सोडायचा नाही आणि सूर्यास्ताला गेट बंद.

केनियातलं मसाई मारा मुंबईकरांना सोयीचं, कारण नैरोबीला थेट विमान आहे. राष्ट्रीय अभयारण्यात गर्दी फार. शेजारच्या कॉन्झर्व्हन्सीत, म्हणजे स्थानिकांच्या जमिनीवरच्या राखीव जंगलात, मोकळीक जास्त. तिथे सिंहांची हद्द गुराख्यांच्या हद्दीला भिडते: डिसेंबर २०१५ मध्ये प्रसिद्ध ‘मार्श’ कळपातल्या सिंहांवर विषप्रयोग झाला होता.

तीन-चारच रात्री हातात असतील तर साबी सँड. आठवडा असेल तर मी सेरेंगेटीच घेईन, पण सगळ्या रात्री त्याच्या मध्यभागी, सेरोनेरा परिसरात. टूरवाले सात दिवसांत चार उद्यानं कोंबतात, त्यात एकही कळप दोनदा दिसत नाही. न्गोरोंगोरो विवर त्यासाठी खुशाल गाळा. जुलै ते सप्टेंबर वाइल्डबीस्ट आणि त्यांच्यामागे पर्यटक, अशी सगळी झुंबड उत्तरेला मारा नदीकडे असते. सेरोनेरात तेव्हा गवत खुरटलेलं, आणि सिंह उरल्यासुरल्या पाण्याजवळ.