एसएचएल २०२४–२५: तक्ता खालून वाचावा असा हंगाम

स्वीडनच्या अव्वल आइस हॉकी लीगमध्ये, म्हणजे एसएचएलमध्ये, १४ संघ एकमेकांशी चार-चार वेळा भिडतात. म्हणजे प्रत्येकाचे ५२ साखळी सामने, तेही सप्टेंबर ते मार्च. दोन मध्यंतरं धरून एक सामना सव्वादोन-अडीच तास घेतो. प्रेक्षकाने हे सगळं बघावं का? नाही. पण जे बघावं, ते अजिबात चुकवू नये.

गुणपद्धत आम्हाला उत्तर अमेरिकेच्या एनएचएल लीगपेक्षा सरस वाटते. ६० मिनिटांत जिंकलं तर ३ गुण, जादा वेळेत किंवा शूटआउटवर (एकेका खेळाडूने थेट गोलरक्षकाला सामोरं जायचं) जिंकलं तर २ आणि तिथे हरलं तर १. सामना कसाही संपो, वाटले जातात ३च गुण, त्यामुळे तक्ता उगाच फुगत नाही. खोट इतकीच, की बरोबरी असली की शेवटची काही मिनिटं दोन्ही संघ हातचा एक गुण सांभाळत बसतात. पक, म्हणजे खेळाची रबरी चकती, आपल्या बचावक्षेत्राच्या निळ्या रेषेबाहेर काढायचा, ताज्या दमाचे खेळाडू उतरवायचे, की झालं. पुढची ३ विरुद्ध ३ ची ५ मिनिटं मात्र पैसे वसूल. वाट सापडली नाही तर संघ पक घेऊन सरळ मागे फिरतो, खेळाडू बदलतो आणि पुन्हा चाल रचतो. त्यातला एक पास तुटला, की दुसऱ्या टोकाला दोघे हल्लेखोर आणि समोर एकच बचावपटू!

पहिले ६ संघ थेट उपांत्यपूर्व फेरीत जातात. ७ ते १० क्रमांकांचे संघ तीनपैकी दोन सामने जिंकून तिथे पोहोचतात. ११ आणि १२ ना काही मिळत नाही, काही जातही नाही. त्यांचे शेवटचे सामने बहुधा रटाळ होतात, आणि आराखड्यातली ही ढिलाई उघड दिसते.

तळाची गोष्ट वेगळी. १३ आणि १४ क्रमांकांचे संघ सातपैकी चार विजयांची प्लेआउट खेळतात. हरणारा खालच्या लीगमध्ये. आदल्या वर्षी याच फासातून सुटलेला एचव्ही७१ संघ या हंगामातही तिथेच सापडला आणि पुन्हा वाचला. बुडाला तो मोडो, म्हणजे एनएचएलचे तारे फोर्सबर्ग आणि सेडिन जुळे भाऊ घडवणारा क्लब. त्याची जागा खालून वर आलेल्या यूरगोर्डन संघाने घेतली. आणि खाली जाणं म्हणजे कायमचं संपणं नव्हे, याचा पुरावा याच हंगामात होता: १९६० पासून वरच्या लीगमध्ये टिकलेला ब्रिनेस २०२३ मध्ये घसरला, वर्षभरात परतला आणि थेट अंतिम फेरीत धडकला. तिथे लुलिओने त्याला ४–२ असं रोखून १९९६ नंतरचं पहिलं जेतेपद मिळवलं.

बाद फेरीत शूटआउट नसतो. गोल होईपर्यंत पूर्ण संघांनिशी २०-२० मिनिटांचे जादा डाव चालतात, तेव्हा रात्रीचं जागरण गृहीत धरा. एनएचएलच्या साधारण २६ मीटर रुंद रिंकची सवय असेल, तर इथल्या ३० मीटरवर आधी खेळ संथ वाटेल. कडेकडेने पक फिरवणं वाढतं, गोलसमोरची गर्दी कमी होते. चार-पाच सामन्यांत नजर बसते.

वेळ बेताचा असेल तर राष्ट्रीय संघाच्या सामन्यांसाठी लीग फेब्रुवारीत थांबते, त्या विश्रांतीनंतरच सुरुवात करा, आधी प्लेआउट बघा, मग अंतिम फेरीचे सहाही सामने. साखळीतले शरद ऋतूतले सामने क्षणचित्रांवर भागतात.